झिंक ऑक्साइड आणि अल्कली धातू : साठ वर्षांहून जुना एक प्रश्न

(संस्थेच्या वार्षिक समारंभानिमित्त विज्ञान मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानावरील व्याख्यान म्हटले की बहुधा एखाद्या मोठ्या शोधाची कथा सांगितली जाते. कोणी तरी कष्ट केले, अडचणी आल्या, शेवटी यश मिळाले आणि जगाचे भले झाले, असा तिचा क्रम असतो. अशा कथा अवश्य सांगाव्यात. परंतु त्या ऐकून मुलांचा एक गैरसमज होतो. त्यांना वाटते की विज्ञानातील प्रत्येक प्रश्नाला पुस्तकाच्या शेवटच्या पानावर उत्तर छापलेले असते. म्हणून आज मी मुद्दाम असा विषय निवडला आहे की ज्यावर १९६० पासून काम चालू आहे, जगातील नामांकित प्रयोगशाळांनी ज्यावर बुद्धी आणि पैसा खर्च केला आहे, आणि तरीही ज्याचे हवे तसे उत्तर अजून मिळालेले नाही. तो विषय म्हणजे झिंक ऑक्साइड या अर्धसंवाहकात लिथियम, सोडियम, पोटॅशियम या अल्कली धातूंची भेसळ करणे.

नाव ऐकून घाबरू नका. झिंक ऑक्साइड ही वस्तू तुमच्या घरात आहे. अंगाला खाज सुटली की आपण जे गुलाबी कॅलामाइन लोशन लावतो, त्यातील मुख्य द्रव्य हेच. लहान बाळाच्या त्वचेला लावायच्या पांढऱ्या मलमात हेच. सायकलच्या आणि मोटारीच्या टायरमधील रबर पक्के करताना हेच वापरतात. जगातील झिंक ऑक्साइडचा सर्वांत मोठा खप रबराच्या धंद्यातच आहे. पांढऱ्या रंगातही ते असते. जस्त हवेत जाळले की जी पांढरी भुकटी उरते ती ही. आयुर्वेदातील यशद भस्म हेही जस्ताचेच भस्म होय. जुन्या अरबी-फारसी वैद्यकग्रंथांत डोळ्यांच्या विकारावर 'तूतिया' नावाचे औषध सांगितलेले असते. आपल्याकडे आज तुतिया म्हणजे मोरचूद असे समजतात. पण त्या ग्रंथांतील तूतिया प्रामुख्याने जस्ताचे ऑक्साइडच होते. तेराव्या शतकातील प्रवासी मार्को पोलो याने इराणातील किरमान प्रांताच्या बाजूला ते कसे तयार करीत याचे वर्णन केले आहे. आपल्या देशात राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे मध्ययुगातच मातीच्या मुशींमधून जस्ताची वाफ काढून ते शुद्ध करीत असत. तेव्हा ही वस्तू आपल्याला परकी नाही.

दुसरा शब्द 'अल्कली'. हा तर सरळ अरबी शब्द आहे. खाऱ्या जमिनीतील झुडपे जाळून जी राख मिळे तिला 'अल्-कली' म्हणत, आणि तिचा उपयोग साबण व काच करण्यासाठी होई. त्यावरून या धातूंच्या कुळाला अल्कली धातू हे नाव पडले. पोटॅशियमचे रासायनिक चिन्ह ज्या 'कॅलियम' या लॅटिन नावावरून आले आहे, ते नावही याच शब्दापासून निघाले. असो. नावांचा इतिहास येथेच थांबवू आणि मूळ विषयाकडे वळू.

तांब्याच्या तारेतून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. या दोहोंच्या मधल्या पदार्थांना अर्धसंवाहक म्हणतात. सिलिकॉन हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला. शुद्ध सिलिकॉन फारसा कामाचा नसतो. त्यात अत्यल्प प्रमाणात परका अणू मिसळला म्हणजे तो कामाला लागतो. या हेतुपुरस्सर केलेल्या भेसळीला 'डोपिंग' म्हणतात. दुधातली भेसळ वाईट, पण ही भेसळ उपकारक. प्रमाण किती? दहा लाख अणूंत एखादा परका अणूही पुरेसा होतो.

सिलिकॉनच्या अणूकडे बंध जोडण्यासाठी चार इलेक्ट्रॉन असतात. त्याच्या जागी फॉस्फरसचा अणू बसवला, तर फॉस्फरसकडे पाच असल्यामुळे एक इलेक्ट्रॉन शिल्लक राहतो आणि मोकळा फिरतो. अशा द्रव्याला एन-प्रकारचे म्हणतात. उलट बोरॉनचा अणू बसवला, तर त्याच्याकडे तीनच असल्यामुळे एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी राहते. या रिकाम्या जागेला आपण पोकळी म्हणू. अशा द्रव्याला पी-प्रकारचे म्हणतात.

आता रिकामी जागा वीज कशी वाहून नेते, असे कोणी विचारील. रेशन दुकानापुढची रांग डोळ्यांसमोर आणा. रांगेच्या मधला एक माणूस कंटाळून निघून गेला. त्याच्या मागचा पुढे सरकला, त्याच्या मागचा पुढे सरकला, आणि पाहता पाहता ती मोकळी जागा रांगेच्या शेवटापर्यंत गेली. माणसे एकेक पाऊल पुढे गेली, पण दुरून पाहणाऱ्याला वाटते की जागाच मागे चालत गेली. स्फटिकातील पोकळी अशीच चालते. ऋण विद्युत्भाराचे इलेक्ट्रॉन एका दिशेने सरकतात, म्हणून पोकळी धन विद्युत्भार असल्यासारखी उलट दिशेने जाते.

एन आणि पी हे दोन प्रकार एकमेकांना जोडले की त्यांच्या सांध्यावर सारी किमया घडते. डायोड, ट्रान्झिस्टर, सौर घट, एलईडी दिवा ही सर्व या सांध्याचीच लेकरे. एलईडीत इलेक्ट्रॉन सांध्यापाशी येऊन पोकळीत पडतो आणि त्याची जी ऊर्जा सुटते ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर येते. म्हणजे दिवा हवा असेल तर दोन्ही पक्ष हवेत. नुसत्या इलेक्ट्रॉनांनी भागत नाही.

आता झिंक ऑक्साइडकडे शास्त्रज्ञांचे लक्ष का गेले ते पाहू. या द्रव्यात बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळे करण्यासाठी सुमारे ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. इतक्या ऊर्जेचा प्रकाश सुमारे ३७० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश असतो. अतिनील प्रकाश देणारा दिवा आणि लेसर यांसाठी हे द्रव्य योग्य ठरते. दुसरे असे की, यात इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांची जोडी जमली की ती ६० सहस्रांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या ऊर्जेने एकमेकांना धरून ठेवते. आपल्या खोलीतील उष्णतेचा हिसका सुमारे २६ सहस्रांशांचा असतो. म्हणजे नेहमीच्या तापमानाला ही जोडी टिकते, आणि प्रकाश देण्याचे काम सुलभ होते. याचा प्रतिस्पर्धी गॅलियम नायट्राइड. त्यातील जोडीची पकड २५ सहस्रांशांच्या आसपास असते, म्हणजे उष्णतेच्या हिसक्याएवढीच.

तिसरी गोष्ट आर्थिक आहे. जस्त मुबलक आहे, त्याच्या स्वतंत्र खाणी आहेत. गॅलियम हा बहुतांशी ॲल्युमिनियमच्या धंद्यातून निघणारा दुय्यम माल आहे आणि त्याचे बहुतेक उत्पादन एकाच देशात, चीनमध्ये होते. त्या देशाने १ ऑगस्ट २०२३ पासून गॅलियमच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा अनेक देशांना आपल्या परावलंबनाची जाणीव झाली. आणि चौथी गोष्ट अशी की, झिंक ऑक्साइडचा पातळ थर देण्यासाठी फार मोठे यंत्र असलेच पाहिजे असे नाही. झिंक ॲसिटेटचे द्रावण तापलेल्या काचेवर बारीक फवाऱ्याने मारले की थर जमतो. या फवारणीच्या पद्धतीवर आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात अनेक वर्षे काम झाले आहे.

एन-प्रकारचे झिंक ऑक्साइड करणे अगदी सोपे. किंबहुना काही न करताही ते एन-प्रकारचेच निघते. त्यात ॲल्युमिनियमची थोडी भेसळ केली की ते काचेसारखे पारदर्शक राहूनही वीज चांगली वाहून नेते, आणि काही प्रकारच्या सौर घटांवर वरचा पारदर्शक थर म्हणून ते वापरले जाते. अडचण आहे ती दुसऱ्या पक्षाची. पी-प्रकारचे, भरवशाचे, टिकाऊ झिंक ऑक्साइड हवे आहे. येथेच आपले अल्कली धातू रंगमंचावर येतात.

कागदावरचा हिशेब फार सरळ आहे. जस्ताचा अणू बंधांसाठी दोन इलेक्ट्रॉन देतो. लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांच्याकडे प्रत्येकी एकच असतो. तेव्हा जस्ताच्या जागी यांपैकी कोणताही अणू बसवला की एका इलेक्ट्रॉनची तूट पडणार, म्हणजे एक पोकळी तयार होणार. दहावीच्या मुलालाही हा हिशेब पटेल. पण स्फटिकाला तो पटत नाही. का पटत नाही, याची तीन कारणे आहेत, आणि तीच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहेत.

पहिले कारण जागेचे. लिथियमचा आयन फार लहान असतो. झिंक ऑक्साइडमध्ये प्रत्येक जस्ताभोवती चार ऑक्सिजन असतात. अशा जागेत जस्ताच्या आयनाची त्रिज्या सुमारे ६० पिकोमीटर आणि लिथियमची सुमारे ५९ धरतात. म्हणजे लिथियम जस्ताच्या जागेत जणू मापाने शिवलेल्या कपड्यासारखा बसतो. परंतु तो लहान असल्यामुळे अणूंच्या मधल्या बोळांतही सहज शिरतो. जस्ताच्या जागेवर बसलेला लिथियम एक इलेक्ट्रॉन मागतो. बोळात शिरलेला लिथियम मात्र आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. एकाच्या खर्चाची भरपाई दुसऱ्याच्या जमेने होते आणि वहीत शिल्लक शून्य! बेल प्रयोगशाळेतील जे. जे. लँडर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात लिथियमची ही दुहेरी वागणूक दाखवून दिली होती. गंमत अशी की, स्फटिकात पोकळ्या जितक्या वाढाव्यात, तितके इलेक्ट्रॉन देणारे दोष तयार होणे त्याला अधिक फायद्याचे ठरते, कारण दिलेला इलेक्ट्रॉन पोकळीत पडताना ऊर्जा सुटते. म्हणजे आपण एका बाजूने ढकलतो आणि स्फटिक दुसऱ्या बाजूने तितक्याच जोराने परत ढकलतो.

मग मोठा अणू घ्यावा, जो बोळात शिरणार नाही, असे तुम्ही म्हणाल. सोडियमच्या आयनाची त्रिज्या अशाच जागेत ९९ पिकोमीटर, पोटॅशियमची १३७. बोळात जाणे यांना जड. पण जस्ताच्या ६० पिकोमीटरच्या जागेत बसणेही तितकेच जड. जबरदस्तीने बसवले तर आजूबाजूचे बंध ताणले जातात, त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते, आणि फार थोडे अणू सामावतात. लहान घेतला तर तो पळतो, मोठा घेतला तर तो मावत नाही.

दुसरे कारण पाहुण्याचे आहे, आणि तो पाहुणा म्हणजे हायड्रोजन. पाण्याच्या वाफेतून, रसायनांतून, यंत्राच्या पात्रातून तो न बोलावता आत येतो. क्रिस व्हान डी वॉले या शास्त्रज्ञाने २००० साली गणिताने दाखवले की झिंक ऑक्साइडमध्ये हायड्रोजन नेहमी इलेक्ट्रॉन देण्याचेच काम करतो. ते आपोआप एन-प्रकारचे का निघते, याच्या कारणांत हायड्रोजनचे नाव तेव्हापासून पुढे आले. पूर्वी सारा दोष गैरहजर ऑक्सिजनच्या माथी मारला जाई; पुढील हिशेबांत दिसले की ती रिकामी जागा इलेक्ट्रॉन सहजासहजी सोडत नाही. लिथियमशेजारी हायड्रोजन ऑक्सिजनला चिकटून बसला की लिथियमची मागणी तोच पुरी करतो आणि पोकळी उरतच नाही.

तिसरे कारण सर्वांत खोल, आणि हा शब्द मी दोन्ही अर्थांनी वापरतो. समजा, बोळातले लिथियम काढून टाकले, हायड्रोजनही हाकलला. आता जस्ताच्या जागी बसलेल्या लिथियममुळे पोकळी तयार झाली. पण ती फिरते का? जर्मन शास्त्रज्ञ ओ. एफ. शिर्मर यांनी १९६८ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाच्या पद्धतीने या पोकळीचा ठावठिकाणा शोधला. ती लिथियमशेजारच्या एका ऑक्सिजनवर ठाण मांडून बसलेली आढळली. ऑक्सिजन तिला धरून ठेवतो, आजूबाजूचे अणू किंचित सरकून तिच्यासाठी खड्डा करतात, आणि आपल्याच खड्ड्यात ती अडकून पडते. रांगेतली मोकळी जागा मागे सरकेना, असा हा प्रकार.

या खड्ड्याची खोली किती, यावर पुढे बराच वाद झाला. २००२ मध्ये संगणकावर केलेल्या एका गाजलेल्या हिशेबात लिथियमसाठी ती अवघी ०.०९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आली, आणि पुष्कळांना आशा वाटली. पण त्या काळच्या गणितपद्धतीत एक उणीव होती. झिंक ऑक्साइडचे ३.४ हे मूळ अंतरच त्या पद्धतीने एकाहूनही कमी येई, आणि एका अणूवर अडकलेली पोकळी ती पद्धत सर्वत्र पसरलेली दाखवी. २००९ च्या सुमारास सुधारलेल्या पद्धतींनी हिशेब पुन्हा झाला, नवे प्रयोगही झाले, आणि लिथियमची खोली सुमारे ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठरली. शिर्मर यांनी चाळीस वर्षांपूर्वी जे पाहिले होते, तेच खरे निघाले.

०.०९ आणि ०.८ यांत काय मोठा फरक, असे वाटेल. विद्यार्थी मित्रहो, घरी जाऊन घातांकाचा हिशेब करून पाहा. उष्णतेचा हिसका ०.०२६ धरा. ०.०९ भागिले ०.०२६ म्हणजे सुमारे साडेतीन. ई या संख्येचा उणे साडेतीनवा घात म्हणजे शंभरात सुमारे तीन. ०.८ भागिले ०.०२६ म्हणजे सुमारे एकतीस. आणि ई चा उणे एकतिसावा घात म्हणजे शंभर लाख कोटींत तीन-चार! पोकळ्यांची खरी संख्या काढताना आणखी काही घटक विचारात घ्यावे लागतात, पण मुख्य गोष्ट या एका आकड्यात आली. पहिल्या खड्ड्यातून पोकळ्या नेहमीच्या तापमानाला बाहेर पडतील. दुसऱ्यातून जवळजवळ एकही नाही.

येथे गॅलियम नायट्राइडची गोष्ट आठवणे योग्य होईल. त्यातही पी-प्रकार अशक्य आहे असे अनेक वर्षे मानले जात होते. मॅग्नेशियमची भेसळ करूनही पोकळ्या मिळत नव्हत्या. १९८९ मध्ये जपानमध्ये इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी इलेक्ट्रॉनांचा झोत मारून तो पदार्थ पी-प्रकारचा करून दाखवला. १९९२ मध्ये शुजी नाकामुरा यांनी नुसते योग्य वातावरणात तापवूनही तेच साधले आणि कारणही सांगितले की, हायड्रोजन मॅग्नेशियमला जखडून बसला होता. तो गेला आणि पोकळ्या मोकळ्या झाल्या. आज घराघरांत जळणारे पांढरे एलईडी दिवे हे त्या कामाचे फळ आहे, आणि या तिघांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. साहजिकच झिंक ऑक्साइडवर काम करणाऱ्यांना वाटले की आपलेही असेच होईल. पण फरक लक्षात घ्या. गॅलियम नायट्राइडमध्ये मॅग्नेशियमचा खड्डा सुमारे ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आहे. शंभरातला एखादाच अणू पोकळी सोडतो, पण तेवढ्यावर दिवा लागतो. झिंक ऑक्साइडमधून हायड्रोजन हाकलता येतो, खड्डा मात्र हाकलता येत नाही. एका कुलुपाची किल्ली दुसऱ्या कुलुपाला लागेलच असे नाही.

या आशेच्या भरात, विशेषतः २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, 'आम्ही पी-प्रकारचे झिंक ऑक्साइड केले' असे सांगणारे निबंध मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाले. कोणी लिथियम वापरले, कोणी सोडियम, कोणी नायट्रोजन. जपानच्या तोहोकू विद्यापीठातील गटाने २००५ मध्ये नायट्रोजनच्या भेसळीने प्रकाश देणारा सांधाही दाखवला. चीनमधील चच्यांग विद्यापीठातून लिथियम आणि सोडियमवरचे निबंध आले. पण यातील बहुतेक निष्कर्षांच्या बाबतीत अडचण अशी की, दुसऱ्या प्रयोगशाळेत तेच केले तर तेच हाती येईना, आणि कित्येक नमुने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा एन-प्रकारचे होऊन बसत.

या सर्व लोकांनी खोटे लिहिले असे मी मुळीच म्हणत नाही. पी की एन हे ठरवण्यासाठी एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला परिणाम वापरतात. नमुन्यातून वीज सोडायची, काटकोनात चुंबक धरायचा, आणि आडवे व्होल्टेज धन येते की ऋण ते पाहायचे. थर चांगला असेल तर उत्तर स्पष्ट येते. पण थर रोधक असेल, एका ठिकाणी दाट आणि दुसऱ्या ठिकाणी विरळ असेल, तर ते व्होल्टेज इतके क्षीण येते की चिन्ह उलटे दिसू शकते. असमान थरामुळे संपूर्ण एन-प्रकारचा नमुनाही पी-प्रकारचा भासू शकतो, हे २००८ मध्ये एका निबंधाने नीट दाखवून दिले. ज्याला पी हवेच आहे, त्याला दहा मापनांतील एक पी दिसले की आनंद होतो, आणि उरलेल्या नवांकडे तो मशीनचा दोष म्हणून पाहतो. हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणूनच विज्ञानात दुसऱ्याने पडताळून पाहण्याला इतके महत्त्व आहे.

मग हे सारे श्रम पाण्यात गेले काय? नाही. लिथियमने पोकळ्या दिल्या नाहीत, पण त्याने नको असलेले इलेक्ट्रॉन टिपून घेतले. त्यामुळे लिथियम घातलेले झिंक ऑक्साइड विजेला फार रोध करते, आणि काही उपयोगांसाठी नेमके तेच हवे असते. झिंक ऑक्साइड दाबले की वीज उत्पन्न होते आणि वीज दिली की ते किंचित आकसते-फुगते. या गुणाचा उपयोग करायचा तर थरातून वीज गळता कामा नये. तेथे लिथियम कामाला येते. झिंक ऑक्साइडचे मोठे, शुद्ध स्फटिक उष्ण, दाबाखालील पाण्यात वाढवतात. त्या पाण्यात लिथियम आणि पोटॅशियमचे हायड्रॉक्साइड घातलेले असते. त्यातील लिथियम स्फटिकात उतरते, आणि त्याचे वर्तन ठाऊक असल्यामुळेच आज त्या स्फटिकांचे गुण नीट सांगता येतात. जपानी संशोधकांनी १९९६ मध्ये लिथियम घातलेल्या झिंक ऑक्साइडमध्ये विद्युत् ध्रुवीकरण उलटवता येण्याचा गुणही नोंदवला. पी-प्रकाराचा दरवाजा ठोठावताना शेजारचे दोन-तीन दरवाजे उघडले, असे म्हणायला हरकत नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, केवळ अल्कली धातू घालून नेहमीच्या झिंक ऑक्साइडचा भरवशाचा पी-प्रकार मिळेल असे मला वाटत नाही. ०.८ हा आकडा युक्तीने मिटणारा नाही. परंतु हे 'नाही' म्हणण्यासाठीसुद्धा लँडर, शिर्मर आणि त्यांच्यानंतरच्या अनेकांची मेहनत खर्ची पडली आहे. 'ही वाट पुढे बंद आहे' असे सांगणारी पाटी लावणे हेही रस्ता बांधण्याइतकेच लोकोपयोगी काम आहे. पाटी नसेल तर प्रत्येक नवा प्रवासी त्याच वाटेने जाऊन परत येईल.

आता पालकांना दोन शब्द. आपल्या पुष्कळ घरांत मुलगा किंवा मुलगी बारावी झाली की एकच प्रश्न विचारला जातो : बी.एस्सी. करून काय मिळणार? प्रश्न गैर नाही. घर चालवणाऱ्याला तो विचारावाच लागतो. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्नही विचारावा : या मुलाला कशाचे कुतूहल आहे? ज्याला डॉक्टर व्हायचे त्याने जरूर व्हावे. ज्या मुलीला पदार्थ असा का वागतो हे जाणून घ्यायचे आहे, तिला एम.एस्सी.पर्यंत आणि त्यापुढेही शिकू द्या, आणि अभ्यासाची दोन वर्षे बाकी असताना लग्नाची घाई करू नका. संशोधनात फळ लगेच मिळत नाही, कधी कधी हवे ते फळ मिळतच नाही. पण जे मूल दहा मापने घेऊन दहाही जशीच्या तशी वहीत लिहिण्यास शिकते, ते कारखान्यात जावो, बँकेत जावो की दवाखान्यात, त्याच्या शब्दाला किंमत राहते. ही तालीम कोणत्याही नोकरीत वाया जात नाही.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एक प्रयोग सांगतो. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झिंक ऑक्साइडचा वीजवाहक थर दिलेली काच मिळाली, तर तिच्यावर संवेदनशील गॅल्व्हनोमीटरची दोन टोके टेकवा. त्यातले एक टोक सोल्डरिंगच्या इस्त्रीने तापवलेले असू द्या. थर एन-प्रकारचा असेल तर इलेक्ट्रॉन गरम टोकाकडून थंड टोकाकडे जातात आणि गरम टोक धन होते. पी-प्रकारचा असेल तर उलट. काटा कोणत्या बाजूला गेला ते लिहून ठेवा. मग टोके बदलून पुन्हा करा, जागा बदलून पुन्हा करा, आणि आठवड्यानंतर पुन्हा करा. प्रत्येक वेळी जे दिसले तेच लिहा. तुमच्या आवडीचे उत्तर आले नाही तरी तेच लिहा. काटा कोणाच्या इच्छेने हलत नाही, आणि वहीही कोणाच्या इच्छेने लिहायची नसते.

संस्थेच्या प्रयोगशाळेसाठी ज्यांनी देणगी दिली आहे, त्यांनी केवळ बाके आणि बाटल्या दिल्या असे समजू नये. खरे काय ते पाहण्याची आणि पाहिलेले सांगण्याची सवय लावणारी जागा त्यांनी मुलांना दिली आहे. तिचा उपयोग होवो, एवढीच इच्छा व्यक्त करतो.